रात्रीच्या वायफाय वेळापत्रकातील बिघाडाबाबत तक्रार

प्रति,
मा. प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : फर्मवेअर अपडेटनंतर रात्री सर्वच वायफाय नेटवर्क बंद पडत असल्याबाबत

महोदय/महोदया,
स.न.वि.वि.

आमच्या निवासी शाळेच्या वसतिगृहात आपल्या कंपनीचे ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारी उपकरणे) व ती इंटरनेटवरून चालवणारा क्लाउड कंट्रोलर बसवलेले आहेत. खरेदीच्या वेळी आम्ही एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारून घेतली होती : रात्री ठरलेल्या वेळी मुलांचे वायफाय आपोआप बंद होईल आणि बाकीचे चालू राहील ना? आपल्या प्रतिनिधींनी ते स्क्रीनवर करून दाखवले आणि पुढे ते तसे चालतही होते. अलीकडच्या फर्मवेअर (उपकरणांतील मूळ सॉफ्टवेअर) अपडेटपासून ते चालत नाही, आणि आपला सपोर्ट विभाग याला बिघाड मानायलाच तयार नाही.

आमच्याकडे तीन एसएसआयडी, म्हणजे वेगवेगळ्या नावांची वायफाय नेटवर्क, आहेत : विद्यार्थ्यांचा, कर्मचाऱ्यांचा आणि आरोग्य कक्षाचा. पूर्वी प्रत्येकाला स्वतंत्र वेळापत्रक लावता येत असे. आता ते थेट ॲक्सेस पॉइंटच्या रेडिओला, म्हणजे तिन्ही नेटवर्कचे सिग्नल सोडणाऱ्या भागाला, लागते. त्यामुळे रात्री दहा वाजता मुलांचे नेटवर्क बंद होताना बाकीची दोन्हीही जातात, ती सकाळी सहापर्यंत.

आरोग्य कक्षाचे नेटवर्क ही चैन नव्हे. आमच्याकडे टाइप १ मधुमेह असलेली मुले राहतात. त्यांच्या दंडावरचा सेन्सर दर काही मिनिटांनी साखरेचा आकडा ब्लूटूथने त्यांच्या फोनला देतो, आणि फोन तो वायफायवरून मेट्रनबाईंकडे व घरी आईवडिलांकडे पोहोचवतो. या मुलांचे फोन रात्री आरोग्य कक्षाच्या नेटवर्कवर असतात; त्यावर त्या ॲपखेरीज दुसरे काही उघडत नाही. इमारतीत मोबाइलची रेंज धड येत नाही, म्हणून वायफाय गेले की आकडा मुलाच्या उशाशीच अडकतो. अपडेटनंतर एका रात्री एका मुलाची साखर उतरली. फोन वाजत होता, पण तो मुलगा उठत नव्हता. शेजारच्या खाटेवरच्या मुलाला जाग आली, तो अनवाणी धावत मेट्रनबाईंकडे गेला. त्यांनी मुलाला हलवून उठवले आणि ग्लुकोजचे पाणी पाजले म्हणून निभावले. बाईंच्या फोनवर तेव्हाही दहाच्या आधीचा शेवटचा आकडा होता, आणि तो अगदी व्यवस्थित होता.

हे सगळे कळवूनही ‘नवीन रचना अशीच आहे’ असे लिहून आमचे तिकीट (तक्रारीची नोंद) बंद करण्यात आले. सोबत जे पर्याय सुचवले, ते वसतिगृह कसे चालते हे न पाहता सुचवलेले आहेत. फायरवॉलला (इंटरनेटची ये-जा अडवणाऱ्या यंत्रणेला) वेळेचा नियम लावा, असा पहिला सल्ला. आपल्याच फायरवॉलवर तो नियम फक्त नवीन जोडण्या अडवतो. दहाच्या आधी सुरू झालेला गेम किंवा व्हिडिओ कॉल पुढे चालूच राहतो, आणि मुलांना हे दुसऱ्याच रात्री कळले. दुसरा सल्ला नेटवर्क स्विचवरून ॲक्सेस पॉइंटचा वीजपुरवठा तोडण्याचा. तसे केले तरी आरोग्य कक्षाचे नेटवर्क जाणारच, मग उपाय कसला झाला? तिसरा सल्ला मॅक पत्त्यांच्या (प्रत्येक उपकरणाच्या ओळख क्रमांकांच्या) यादीने मुलांचे फोन अडवण्याचा. त्याबद्दल इतकेच सांगतो की अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन खऱ्या पत्त्याऐवजी यादृच्छिक पत्ता वापरतात आणि सेटिंगमधले एक बटण फिरवून मूल तो बदलू शकते.

अपडेटमध्ये आणखी एक दोष आहे. बंद होण्याची वेळ २२:०० आणि सुरू होण्याची ०६:०० अशी एकत्र भरली तर स्क्रीन ती स्वीकारत नाही, कारण मध्ये मध्यरात्र येते. म्हणून २२:०० ते २३:५९ आणि ००:०० ते ०६:०० असे दोन तुकडे करावे लागतात. मधल्या एका मिनिटात वायफायच्या एका पट्ट्यातले, म्हणजे २.४ गिगाहर्ट्‌झचे नेटवर्क जागे होते, अडलेले सगळे मेसेज एकदम येतात आणि अंधाऱ्या शयनगृहात फोन थरथरू लागतात. १३ ते १८ वयाच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी, असे झोपेचे तज्ज्ञ सांगतात. त्यासाठी तर हे वेळापत्रक आहे, आणि तेच मुलांना मध्यरात्री उठवते.

कंट्रोलर आपल्या क्लाउडवर असल्यामुळे जुनी आवृत्ती परत लावणे आमच्या हातात नाही. सध्या वेळापत्रक पूर्ण काढून टाकले आहे. कर्मचाऱ्यांपैकी कोणीतरी रोज रात्री दहाला लॉगिन करून विद्यार्थ्यांचा एसएसआयडी हाताने बंद करतो आणि सकाळी सहाला चालू करतो. सुट्टीवर कोण, आजारी कोण, हे पाहून रोजची पाळी लावावी लागते.

एसएसआयडीनुसार वेळापत्रकाची सोय परत द्यावी आणि मध्यरात्र ओलांडणारी वेळ एकाच नियमात घेता यावी, ही आमची मागणी आहे. ते होईपर्यंत आमचा कंट्रोलर मागच्या आवृत्तीवर न्यावा. पुढे असा बदल करायचा असेल तर अपडेट लागू होण्याआधी लेखी कळवावे. रात्री आपोआप लागलेल्या अपडेटचे परिणाम आम्हाला एका मुलाच्या खाटेपाशी कळावेत, हे आम्ही चालवून घेणार नाही.

सात दिवसांत तांत्रिक विभागातील जबाबदार व्यक्तीचे लेखी उत्तर न मिळाल्यास उपकरणे परत घेऊन रक्कम परत करण्याची मागणी करू आणि ग्राहक आयोगाकडे दाद मागू. बंद केलेल्या तिकिटाची प्रत, कंट्रोलरच्या नोंदी आणि वेळापत्रकाच्या स्क्रीनची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

कळावे,

आपला,
वसतिगृह अधीक्षक