आप्पा, जुनं रिव्हॉल्व्हर घेताना काय काय बघितलं ते सगळं लिहितोय

ह्यूस्टन, टेक्सस

ती. आप्पा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही विचारलंत की वापरलेली बंदूक दुकानातून घेताना लोक नक्की बघतात तरी काय, आणि तेवढ्यात आईने फोन घेतला आणि ते राहूनच गेलं, म्हणून आता निवांत लिहितो. तुम्ही इतकी वर्षं शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक सांभाळताय, माकडं आणि रानडुकरं यांच्यापायी रात्री जागवल्यात, त्यामुळे यातलं तुम्हाला पटकन कळेल.

घेतलंय ते स्मिथ अँड वेसन कंपनीचं मॉडेल १० रिव्हॉल्व्हर, .३८ स्पेशल नावाच्या गोळीचं, एका वेळी सहा गोळ्या मावतात, चार इंची नळी. मूळ डिझाइन १८९९ चं आहे, मॉडेल १० हा नंबर १९५७ मध्ये पडला. इथल्या कितीतरी पोलीस खात्यांनी वर्षानुवर्षं हेच कमरेला लावलं, मग १९८० नंतर हळूहळू सगळे सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलांकडे वळले आणि ही रिव्हॉल्व्हरं दुकानांत आली. पोलिसाने ते रोज कमरेला लावलेलं असतं पण झाडलेलं फार कमी असतं, त्यामुळे होल्स्टरला घासून नळीच्या तोंडाचा निळा रंग उडालेला आणि आतलं मशीन मात्र घट्ट, असा माल मिळतो. रंग उडाला म्हणून भाव कमी होतो, आणि मला रेंजवर (नेमबाजीच्या सरावाच्या जागी) कागदी टार्गेटवरच मारायचंय, मला रंगाचं काय करायचंय.

पहिली गोष्ट रिकामं आहे ना ते बघणं. काउंटरवरच्या माणसाने सिलिंडर, म्हणजे सहा गोळ्या बसतात तो फिरता गोल भाग, उघडून मला दाखवलं, तरी मी हातात घेतल्यावर परत उघडून सहाही भोकं स्वतः बघितली, तोंड जमिनीकडे, बोट चापाच्या बाहेर. आपल्या ठासणीच्या बंदुकीत बार भरलाय की नाही ते बाहेरून कळत नाही, तुम्ही नळीत गज घालून मापायचात आणि दुसऱ्याने मापलं असलं तरी स्वतः परत मापायचात, ते डोक्यात इतकं पक्कं बसलंय की दुकानदाराच्या शब्दावर मी कधीच राहणार नाही. त्याला पण ते आवडलं, म्हणाला असंच करावं. आणि सिनेमात मनगटाला झटका देऊन सिलिंडर बंद करतात ना, ते इथे कोणी केलं तर दुकानदार लगेच हातातून काढून घेतात, कारण ज्या दांड्यावर तो सिलिंडर बाहेर येतो तो वाकतो आणि मग सगळंच तिरकं होतं.

मग बाहेरून. घासलेलं चालतं, पण गंजाने पडलेले खड्डे चालत नाहीत. स्क्रूच्या खाचा चिघळलेल्या असतील तर समजायचं की कोणीतरी घरच्या घरी उघडून आत हात घातलाय. कोरलेली अक्षरं बोथट आणि कडा गोल दिसल्या तर पॉलिश मारून नवीन रंग चढवलाय, म्हणजे खाली गंज होता का ते आता कळायला मार्ग नाही. मी अशी चकचकीत वस्तू हातात पण घेत नाही.

खरी परीक्षा घोड्याची. दुकानदाराला विचारून घ्यायचं (न विचारता रिकामा चाप ओढणं हा इथे उद्धटपणा समजतात), मग एका बोटाने सिलिंडरला किंचित अडवून घोडा अंगठ्याने एकदम सावकाश मागे ओढायचा. घोडा पूर्ण मागे अडकायच्या आधी सिलिंडर टक् करून जागेवर लॉक झाला पाहिजे, आणि हे सहाही भोकांना वेगवेगळं बघायचं, एकदोन बघून सोडायचं नाही. मी आधी दुसरं एक बघितलं होतं, दिसायला फार सुंदर, लाकडी मूठ वगैरे, पण त्याच्या दोन भोकांना घोडा मागे अडकला तरी सिलिंडर लॉक झाला नाही, बोटाने ढकलल्यावर टक् आवाज आला. म्हणजे त्या दोन गोळ्या नळीच्या बरोबर समोर येतीलच असं नाही, कडेला आपटून शिशाचे कण बाजूने उडू शकतात, आणि रेंजवर शेजारच्या लेनमध्ये माणूस उभा असतो. खाली ठेवून दिलं. दुकानदार म्हणाला दुरुस्त होतं, होत असेल, पण मी ते पैसे देऊन का घ्यायचं?

त्यानंतर घोडा मागे असताना त्याला अंगठ्याने पुढे ढकलून बघायचं. सुटला तर वस्तू धोकादायक, कारण चाप हलका करायच्या नादात आतली खाच कोणीतरी कानशीने घासलेली असते. चाप ओढून धरून सिलिंडर हलवायचा, डावीउजवीकडे अगदी थोडा हलला तर ठीक, पुढेमागे सरकायला नको. आणि नळी आणि सिलिंडरमधली फट. त्यासाठी मी फीलर गेज नेला होता, गॅरेजवाले प्लगची गॅप मापतात तोच, तिथे तो खिशातून काढला तेव्हा दुकानदार खूश झाला. साधारण ०.००४ ते ०.०१० इंच चालते, माझ्याची ०.००६ भरली, आणि ती सगळ्या भोकांना सारखी आली हे जास्त महत्त्वाचं.

नळी बघताना मागून पांढरा कागद धरून त्यावर मोबाइलचा टॉर्च मारला की आत स्वच्छ दिसतं. आपल्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते, हिला आतून पीळ असतात, ते पीळ तीक्ष्ण दिसले पाहिजेत. मध्येच काळसर कडं दिसलं तर कधीतरी गोळी आत अडकली होती आणि मागून दुसरी मारली, नळी फुगली, ती वस्तू बादच. नळीचं मागचं तोंड, जिथे गोळी शिरते, तिथे चीर आहे का ते पण बघायचं. माझ्यात काही नव्हतं. इतकं बघून मग पैशाची बोलणी, कारण दुकानात पाटीच होती की विकलेली बंदूक परत घेणार नाही.

कागदपत्रांचं म्हणाल तर दुकानातून बंदूक घेताना फॉर्म ४४७३ नावाचा सरकारी फॉर्म भरावा लागतो, त्यात सुरुवातीलाच विचारतात की ही स्वतःसाठीच घेताय ना, दुसऱ्यासाठी म्हणून घेणं मोठा गुन्हा आहे. मग दुकानदार एफबीआयकडे नाव तपासतो, ही पद्धत १९९८ पासून आहे. नोकरीच्या एच-वन व्हिसावर होतो तेव्हा सहसा घेता येत नाही म्हणून मी नाद केला नाही, ग्रीन कार्ड आल्यावर घेतलं. माझी तपासणी दुकानात उभ्या उभ्याच झाली. आप्पा, मला हे खरंच फार सोपं वाटलं. तुम्हाला परवान्यासाठी पोलीस अहवाल, कलेक्टर ऑफिस, निवडणुकीची आचारसंहिता लागली की बंदूक पोलीस स्टेशनला जमा, तो सगळा व्याप मी बघितलाय, आणि इथे माणसाने शिकल्याशिवाय काउंटरवरून उचलून न्यावं हे मला मनापासून पटत नाही. म्हणून मी आधी रेंजवर नीट क्लास केला.

आईला सांगा, मुलांच्या हाती लागायचा प्रश्नच नाही. स्टीलच्या तिजोरीत कुलपात आहे, गोळ्या वेगळ्या कपाटात, दुकानातूनच एक केबल लॉक पण दिलंय, ते दुकानदाराने गिऱ्हाइकाला द्यायलाच हवं असा कायदा आहे. आणि टेक्ससमध्ये भरलेली बंदूक पोराच्या हाती लागेल अशी ठेवली तर आईबापावर केस होते, तेही बरोबरच आहे.

तुमच्या परवान्याची मुदत कधी संपतेय ते बघून मला कळवा, २०१९ मध्ये कायदा बदलला, आता ३ ऐवजी ५ वर्षांसाठी मिळतो, म्हणजे तुमच्या फेऱ्या वाचतील. तारीख जवळ असेल तर दादाला बरोबर घेऊन जा, एकटे एसटीने जाऊ नका.

तुमचा,
धाकटा