मनू, तू मागे फिरू नकोस

प्रिय मनू,

तुझा व्हॉइस मेसेज काल रात्री दोनदा ऐकला. बाळंतपणात बाईच्या सोबतीला राहायचं ट्रेनिंग झालं, सर्टिफिकेट आलं आणि आता तू म्हणतेस राहू दे, माझ्याच्याने नाही होणार, मी ना डॉक्टर ना नर्स, माझं स्वतःचं सिझर झालेलं, कळा शेवटपर्यंत कशा काढतात ते मलाच माहीत नाही तर दुसरीला काय आधार देणार. फोनवर हे नीट बोलणं होत नाही गं, मध्येच कुणीतरी हाक मारतं, म्हणून लिहायलाच बसले.

वैद्यकीय काही कळत नाही ही भीती राहू दे मनात, ती कामाची आहे. आपण आतून तपासत नाही, बाळाचे ठोके बघत नाही, इंजेक्शन घ्यावं की नको यावर मत देत नाही. पण अंगावरून रक्त जायला लागलं, पाणी हिरवट आलं, बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं भयंकर दुखून डोळ्यापुढे अंधारी आली, तर शेक नाही नि मालीश नाही, लगेच १०८ ला फोन, एवढं पाठ पाहिजे. आपल्या सिंधुदुर्गात तर जास्तच, कारण केस अवघड झाली की कितीदा थेट गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात न्यावं लागतं आणि तो रस्ता काही जवळचा नाही.

पण 'मी तिथे कोण?' ही जी दुसरी भीती आहे ना, ती टाकून दे. ग्वाटेमालातल्या एका हॉस्पिटलमध्ये एक अभ्यास झालेला, १९८० साली छापून आला, क्लाऊस आणि केनेल हे डॉक्टर त्यात होते. पहिलटकरणींच्या सोबतीला एकेक बाई दिली, आणि ती बाई ना डॉक्टर ना नर्स, बाळंतिणीला आधी कधी भेटलेलीही नाही, फक्त शेवटपर्यंत जवळ बसली, पाठ चोळली, हात धरला, बोलत राहिली. एकट्या बायकांना दाखल झाल्यापासून बाळ होईपर्यंत सरासरी १९ तासांवर लागले आणि सोबत असलेल्यांना ९ च्या आत. अभ्यास लहान होता हे खरं, पण नंतर २०१७ मध्ये १७ देशांतल्या १५ हजारांहून जास्त बायकांची माहिती एकत्र करून बघितली तेव्हाही तेच, सतत सोबत असली तर सिझर कमी, कळांचा वेळ कमी, आणि बाळंतपणाची कडू आठवणही कमी. आता सांग, ग्वाटेमालात सोबतीला बसलेल्या त्या बायकांकडे तुझ्यापेक्षा जास्त काय होतं?

थंडीतली एक रात्र सांगते. पोर पहिलटकरीण, माहेरी आलेली, नवरा मुंबईहून निघालेला पण वाटेतच. तिची आई लेबर रूमच्या दाराशी मला म्हणते, 'तू डाक्टर नाय, नर्स नाय, मगे आत जावन करतलंस काय?' मी म्हटलं, काकी, तिच्याजवळ बसतले. आत ती खाटेवर उताणी, दांड्याला बोटं आवळलेली. सिस्टरना विचारून तिला उठवलं, भिंतीला हात टेकवून पुढे वाकवलं, आणि कळ आली की कंबरेच्या खाली, माकडहाडाच्या जरा वर, तळहाताचा मनगटाकडचा भाग दाबून धरायचा, ओसरली की हात सैल. मग दोन्ही कुल्ल्यांवर तळवे ठेवून आत नि वर दाब, त्याने तिला खूप बरं वाटायचं, माझी मनगटं भरून आली पण थांबता येईना. मध्ये स्ट्रॉने शहाळ्याचं पाणी, ओठांना खोबरेल, आणि कानाशी तेच तेच, खांदे सोड, श्वास सोड, ही बघ गेली. मी पाणी आणायला वळले तर तिने माझ्या कुडत्याचं टोक धरलं, 'बाय, तू रव हंय, जाव नको.' मला किती पोरं, ती कशी झाली, हे तिने एकदाही विचारलं नाही मनू. आणि सुरुवातीला कपाळाला आठी घालून बसलेल्या सिस्टर पहाटे म्हणाल्या, त्या पलीकडच्या खाटेवरचीकडे पण बघ गं जरा.

तुझ्या सिझरचं म्हणशील तर मला ती तुझी जमेची बाजू वाटते. टाके असताना खोकला आला तर पोटाशी उशी धरायची, कुशीवर झोपून पाजायचं, हे तुझ्याइतकं कोण सांगणार? आणि पहिल्या तासात चिकाचं दूध पाजायचं असतं तेव्हाच घरातलं कुणीतरी मधाचं बोट घेऊन उभं असतं, तिथे आजीला न दुखावता थांबवायला तुझ्यासारखी गोड बोलणारीच पाहिजे.

हॉस्पिटलवाले आत सोडतील का हा प्रश्न मात्र खरा आहे. सरकारच्या २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात बाळंतिणीसोबत कुणीतरी असावं हे आहे, जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ मध्ये तेच सांगितलं, पण आपल्याकडे आधी घरच्या बाईला सोडतात. म्हणून आठव्या महिन्यातच घरच्यांबरोबर जाऊन इन्चार्ज सिस्टरना भेटून घ्यायचं, मी तुमच्या कामात येणार नाही हे तोंडाने सांगायचं. नाहीच सोडलं तर कळा सुरू झाल्यापासून दारापर्यंत आणि नंतर घरी, तेही मोठं काम आहे.

पैशांचं तू विचारलंच नाहीस पण तुझी जीभ तिथेच अडणार, मला माहितीये. सुईणीला साडी, नारळ, तांदूळ द्यायचे, कधी नुसता नारळच, आणि ती आपली रात्र रात्र जागायची. मला ते कधीच पटलं नाही. तू रात्रपाळी करणार, घर सोडून जाणार, तर आकडा आधी ठरव आणि पहिल्याच भेटीत सांग, नड असेल त्यांना हप्त्याने दे म्हण, पण फुकट नको.

आता असं कर, गणपती झाले की इकडे ये. इथल्या एका मुलीला सातवा लागतोय, त्याच सुमारास ओटी भरणार आहेत, तिला आणि तिच्या आईला भेटायला दोघी जाऊ, बोलायचं तू, मी नुसती बाजूला बसेन. त्यांना मी तुझं नाव आधीच सांगून ठेवलंय. गाडीचं रिझर्वेशन आत्ताच कर, नंतर मिळत नाही.

तुझीच,
शमा