फोटोतल्या मुली एनसीसीच्या नव्हत्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पान पाचवर सत्काराचा फोटो आहे. खाली ओळ दिली आहे, 'गुणवंत एनसीसी छात्रांचा गौरव'. फोटोतल्या प्रत्येक मुलीच्या गळ्यात स्कार्फ आहे, त्याला वॉगल (स्कार्फ अडकवायची कडी) आहे आणि कडेची मुलगी चक्क तीन बोटांनी सॅल्यूट करते आहे. तीन बोटांचा सॅल्यूट स्काउट-गाइडचा, साहेब. एनसीसी संरक्षण मंत्रालयाकडे, १९४८ च्या कायद्यानं आलेली. तिचा आणि आम्हा गाइडवाल्यांचा गणवेश सोडला तर फारसा संबंध नाही, आणि गणवेशही निराळाच! मंचावरच्या नऊ पाहुण्यांची नावं मात्र हुद्द्यांसकट बिनचूक छापली आहेत. मुलींची 'आदी'मध्ये गेली.

बातमीत पुढे 'प्रमाणपत्रांचे वाटप' असा शब्द आहे. वाटप वह्यांचं होतं. स्काउट-गाइडच्या राज्य पुरस्कारासाठी आधी प्रवेश, मग प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, असं एकेक चढत यावं लागतं. त्यात काही वर्षं जातात. प्रथमोपचार, होकायंत्र, नकाशा, गाठी, शिबिर, सेवाकार्य, वर लॉगबुक. टेप न वापरता ओढ्याची रुंदी सांगायची असते. कपाळाशी हात आडवा धरायचा, पलीकडचा काठ बोटांच्या कडेला आणायचा, मान तशीच ठेवून वळायचं आणि ती रेघ आपल्या काठावर जिथे टेकते तिथवर पावलं मोजायची. माझ्या पथकातल्या एका मुलीचं उत्तर प्रत्यक्ष मापापेक्षा दोनच पावलं चुकलं होतं. मी स्वतः करून पाहिलं तेव्हा सात चुकले. ते मी पथकाला सांगितलं नाही.

हे सगळं शिकवायला साहित्य किती, तर बत्तीस मुलींत दोन दोरखंड, त्यातला एक विहिरीवरून आलेला. लाठ्या नव्हत्याच. क्लोव्ह हिच ही गाठ मी बाकाच्या पायाला बुटाच्या नाड्या बांधून शिकवली आणि बोलाइनही नाडीवरच. परीक्षा शिबिरात खरा जाड दोर हातात आल्यावर पोरी क्षणभर बिचकल्या. गाइडच्या नऊ नियमांत काटकसर आहे, मान्य. ती दोरखंडावर करायची असते हे मात्र मला शाळेच्या कार्यालयानं शिकवलं. स्काउट-गाइडची फी दरवर्षी न चुकता गोळा व्हायची, हेही नोंदवून ठेवते.

आता मूळ दुखणं. त्या ओढ्यावरच्या मुलीला राज्य पुरस्कार मिळाला. प्रमाणपत्र वेळेवर शाळेत आलं. पाठवणाऱ्यांना मी बोल लावणार नाही. पण शाळेनं (नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल) ते समारंभासाठी राखून ठेवलं. समारंभाला पाहुणे हवेत. पाहुण्यांची तारीख मिळेना. मग परीक्षा आल्या, मग सुट्टी, मग दुसरे पाहुणे, मग त्यांचीही तारीख मिळेना. मुलगी दहावी होऊन शाळा सोडून गेली. पहिले काही महिने ती दर शनिवारी विचारायला यायची. नंतर रस्त्यात भेटली तरी तो विषय काढेनाशी झाली, ते मला जास्त लागलं.

चौदा महिन्यांनी मी शिपाईमामांकडून किल्ली घेतली आणि कपाट उघडलं. क्रीडास्पर्धांच्या ढालींखाली लिफाफा सापडला. प्रमाणपत्राचा खालचा कोपरा कसरीनं खाल्लेला, नाव तेवढं शाबूत. मी ते तिच्या घरी नेऊन दिलं. पाहुणे नाहीत, हार नाही. तिची आई म्हणाली, "बाई, आम्हाला वाटलं नापास झाली आणि आमच्यापासून लपवतेय." यावर मी काय बोलणार होते?

आणि हा कागद शोभेचा नसतो. राष्ट्रपती पुरस्काराची वाट याच पायरीवरून जाते, आणि तो मिळवलेल्यांसाठी रेल्वेत स्काउट-गाइड कोट्यातून भरती निघते. किती पालकांना हे ठाऊक आहे? आपण नऊ पाहुण्यांच्या हुद्द्यांना जेवढी जागा दिलीत तेवढ्यात ही माहिती दोनदा बसली असती. १९०७ साली स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल वीसेक मुलं घेऊन ब्राउन्सी बेटावर गेले, तेव्हा प्रमुख पाहुण्यांवाचून त्यांचं शिबिर अडल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

जाता जाता, आपल्या शब्दकोड्यात उभे शब्द सोळा आणि त्यांचे शोधसूत्र पंधरा, असं गेल्या महिन्याभरात दोनदा झालं आहे. मी मुलींना लॉगबुक तपासून द्यायची सवय लावली होती.

फोटोची दुरुस्ती छापणार असाल तर मुलींची नावं शाळेकडून मागवून घ्या, डावीकडून क्रमानं. पाहुण्यांची पुन्हा छापू नका, ती काल पाठ झाली.

आपली,
एक निवृत्त गाइड कॅप्टन