बुधवारची वेळ रद्द करू नकोस

दादर, मुंबई

चि. राणीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या त्वचा ओरबाडण्याच्या सवयीसाठी त्वचेच्या डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांचे नाव लिहून दिले म्हणून तू चिडलीस आणि बुधवारची वेळ रद्द करणार असल्याचे काल फोनवर सांगितलेस. त्यानंतर आपल्या दोघींचाही आवाज चढला आणि जे बोलायचे होते ते राहून गेले, म्हणून हे पत्र. उजव्या अंगठ्याचे नखुरडे कसे आहे? पू दिसतो का, रात्री ठणका लागतो का? या हवेत दोरीवरचे कपडेसुद्धा दोन दिवस ओले राहतात, तिथे जखम कशी सुकणार?

मिनूमावशीच्या वेळी घरात जे बोलले गेले ते तू दाराआडून ऐकले होतेस, त्यामुळे तुझी भीती मला कळते. परंतु खपल्या काढणे, दंडावरच्या पुटकुळ्या फोडणे, अभ्यासाला बसले की नखाकडेची साल ओढत राहणे, हा तुझा हट्ट नाही आणि दुबळेपणा तर मुळीच नाही. इरॅस्मस विल्सन या इंग्रज त्वचारोगतज्ज्ञाने असे रुग्ण १८७५ मध्येच नोंदवले होते. २०१३ मध्ये अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या वर्गीकरणात याला स्वतंत्र विकार मानून मंत्रचळ (तेच विचार, त्याच कृती पुन्हापुन्हा होणे) आणि केस उपटण्याचा विकार यांच्या शेजारी जागा दिली. शंभरात एखाद्या-दोघांना तरी हा त्रास असतो. फक्त तुझ्यासारखेच सगळे पूर्ण बाह्यांचे कपडे घालून लोकलमध्ये उभे असतात, त्यामुळे एकमेकांना कळत नाही.

यावर उपचार आहेत. अझ्रिन आणि नन या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडलेली सवय मोडण्याची पद्धत आजही वापरतात. हात केव्हा, कुठे आणि कोणत्या मनःस्थितीत उठतो हे आधी टिपायचे, आणि तो उठू लागला की मूठ मिटून मिनिटभर तशीच धरायची. त्याच्या जोडीला आरशासमोर रेंगाळणे टाळायचे, चिमटा हाताशी ठेवायचा नाही, बोटावर पट्टी बांधायची. पट्टी ओली झाली की लगेच बदल. अंगठा सुजला किंवा ताप आला तर बुधवारची वाट न पाहता त्याच दिवशी दाखव. औषधांची गरज आहे की नाही ते डॉक्टर ठरवतील. रात्री फार घाबरायला झाले तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा फोन क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येते.

रात्री दोनपर्यंत जागू नकोस, चहावर दिवस काढू नकोस, आणि सीए फायनल एका वेळेला नाही झाली तर... पुरे. हा उपदेश तू मागितला नव्हतास, राग मानू नकोस.

आजीकडे श्रावणात मोड आलेले वाल सोलायला आम्ही सगळ्या बसायचो, तेव्हा तू जेमतेम सहा वर्षांची असशील. एकही डाळिंबी न मोडता, साल अलगद निसटवून तू आमच्या सगळ्यांच्या आधी तुझे ताट भरायचीस, आणि आजी शेजारच्यांना बोलावून ते ताट दाखवायची. तुझी बोटे तेव्हापासूनच रिकामी राहत नाहीत. त्याच बोटांनी तू पेटीवर भूप बसवलास, बाबांचे हिशेबाचे कागद लावलेस, आणि आज ती टेबलाखाली लपवतेस, हे मला सोसत नाही. शनिवारी घरी आलीस तर वाल भिजवून ठेवते. हाताला असे काम मिळाले तर बरे, असे डॉक्टरही सांगतील असे मला वाटते; पण अंगठा उघडा असेल तर पाण्यात हात घालायचा नाही, मी सोलीन.

बाबांना मी फक्त अंगठ्याचे सांगितले आहे. बाकीचे केव्हा सांगायचे, आणि सांगायचे की नाही, ते तू ठरव.

बुधवारी एकटीने जायचे नसेल तर मी साडेचारला अंधेरी स्टेशनच्या पूर्वेला, तिकीटखिडकीपाशी उभी राहते. दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसेन, तू बोलावल्याशिवाय आत येणार नाही आणि परतताना काही विचारणारही नाही. त्या डॉक्टरांशी तुझे जुळले नाही तर परळला केईएमच्या मानसोपचार विभागात जाऊ, पण ही वेळ सोडू नकोस. येऊ की नको, एवढे मंगळवारी रात्रीपर्यंत कळव, आणि अंगठ्याचा फोटो पाठव.

तुझी,
आई