फ्लॅट घेत नाही, शेत विकू नका

पुणे, रविवार

तीर्थरूप बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

फोन सोडून पत्र कशाला, असं आई म्हणेल. फोनवर बाबा "हं, हं, बरं" म्हणतात आणि त्यांना त्यातलं काही ऐकू आलेलं नसतं, हे मला आता कळलंय. मग आई मधे बसून सांगते. गेल्या रविवारी मी "विचार करते" म्हटलं, ते बाबांपर्यंत "घेते म्हणाली" होऊन पोचलं. म्हणून हे कागदावर. बाबा, चष्मा लावून स्वतः वाचा, आईला नंतर द्या.

नऱ्ह्याचा फ्लॅट मी घेत नाही. काल जाऊन तसं सांगूनही आले. लगेच चिडू नका, पुढचं वाचा.

फ्लॅट ७५ लाखांचा. बँक ६० देणार, १५ आपण घालायचे. बांधकाम चालू आहे म्हणून त्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे पावणेचार लाख. बाईच्या नावावर एक टक्का सवलत धरून मुद्रांक शुल्क ६ टक्के, साडेचार लाख. नोंदणीचे ३० हजार. म्हणजे आपल्या खिशातून साडेतेवीस लाख, आणि माझ्याकडं आहेत नऊ. बाकीचे कुठून यायचे ते तुम्ही मला न विचारता ठरवून टाकलंत. आत्यानं सांगितलं मला. तिला बोलू नका, मीच खोदून खोदून विचारलं.

हप्त्याचंही ऐका. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षं, महिना ५२ हजार. पहिल्या हप्त्यातले साडेबेचाळीस हजार नुसतं व्याज. भाडं म्हणजे पाण्यात घातलेले पैसे, असं तुम्ही म्हणता ना? माझं भाडं २१ हजार आहे. म्हणजे निदान सुरुवातीची काही वर्षं मी दुप्पट पैसे पाण्यात घालून वर घरमालकीण म्हणवून घेणार. आणि मी आज ४१ ची. कर्ज फिटेल तेव्हा ६१. आमच्या कंपनीत पन्नाशीचा माणूस दिसला तरी लोक त्याच्या खुर्चीकडं बघायला लागतात.

खरं सांगू का, हे आकडे मी नंतर मांडले. तुम्हाला पटवायला. ठरलं ते सँपल फ्लॅटमध्ये. स्वयंपाकघर बघत होते आणि सहज विचारलं, तांदळाचं पोतं कुठं ठेवायचं? फ्लॅट दाखवणारा पोरगा हसला. म्हणाला, मॅडम, आता पाच किलोच्या पिशव्या मिळतात की. मिळतात, माहीत आहे. बासमती म्हणून लांब काडी मिळते, आणि कुकर उघडला तरी शेजारच्या खोलीत कळत नाही. आपला बेळगावचा शिजायला लागला की गल्लीच्या तोंडाला कळतं कुणाकडं भात होतोय.

बाबा, ते वीस गुंठे विकू नका. नाल्याच्या पाण्यानं तीन पावसाळे पीक गेलं, हे मला ठाऊक आहे. बळ्ळारी नाला फुगला की तुम्ही रात्री उठून अंगणात उभे राहता, तेही आई सांगते. पण पाणी उतरल्यावर तुम्हीच जाऊन मसूर पेरता ना? उताऱ्यावर आजोबांच्या नावाखाली तुमचं नाव आहे ते तसंच राहू द्या. ज्याला तोंडी शब्द दिलात त्याला माझं नाव सांगा. पोरगी हट्टी आहे म्हणा. खोटं नाही ते.

आणि पुढच्या वर्षी भाव उतरले तरी मी घेणार नाही. कधीच नाही. "आमच्या मागं तुझं काय" हे आईनं पदराला डोळे पुसत विचारायचं बंद करावं. डोक्यावर छप्पर आहे, भाड्याचं असलं तरी गळत नाही. गरम पाणी येतं, मालकीणबाई संध्याकाळी चहाला हाक मारतात, रात्री उशीर झाला तर ऑफिसची गाडी दारात सोडते. नऊ लाख माझ्या नावावर तसेच आहेत आणि दर महिन्याला त्यात भर घालते. लगेच नोकरी सोडून वडगावला घरी येईन, असं मात्र समजू नका. तेही ठरवलेलं नाही.

तुम्ही लूना घेतली नाहीत ते मला आठवतं. दुकानात जाऊन बसलात, मला पुढं उभं केलंत, हँडल धरू दिलंत, आणि आपण सायकलवरून परत आलो. नळीवर टॉवेलची घडी घालून मी बसलेली. वाटेत रेल्वेच्या तिसऱ्या गेटवर थांबलो. तेव्हा छोट्या रुळांची गाडी होती. मी डबे मोजले, चुकले, तुम्ही म्हणालात दुसरी येऊ दे, परत मोजू. ती येईपर्यंत थांबलोही. मला कितीतरी वर्षं वाटायचं, पैसे नव्हते म्हणून लूना राहिली. आई एकदा बोलून गेली की पैसे होते. यांना नकोच होती, म्हणाली. आईनंही दुसऱ्यांच्या साड्यांसाठी कांड्या भरण्यात जन्म घालवला आणि माझ्या पहिल्या पगाराची पैठणी दुकानातूनच परत करायला लावली. तेव्हा मला राग आला होता. आता माझा फ्लॅट तुम्ही त्याच हिशेबात धरा की.

पण कानाच्या मशीनचं तसं नाही, बाबा. जोडीचे ७० हजार ऐकून तुम्ही म्हणालात, एवढ्यात म्हैस येते. डॉक्टरही हसले, मीही हसले. पण लूना घेतली नाहीत तर पाय तुमचे दुखले. मशीन घेत नाही त्याचं सगळं आईच्या अंगावर येतं. तीस वर्षं मागाच्या खडखडाटात काढल्यावर आधी बारीक आवाज जातात. स, श, त, असली अक्षरं जातात. बायकांचे, पोरांचे आवाज जातात. कट्ट्यावरच्या बाप्यांचं बोलणं तुम्हाला पुष्कळसं कळतं आणि आईचं कळत नाही. तिला वाटतं तुम्ही मुद्दाम करता. दिवाळीत मागच्या दारी बसून मला म्हणाली, "माझंच तेवढं ऐकू येत नाही यांना." हे तुम्हाला सांगणार नव्हते.

तर मशीन येणार आहे. त्या नवातले ७० हजार मी बाजूला काढलेत, त्यावर चर्चा नाही. आठ दिवस वापरून बघायला देतात. पहिल्या दिवशी कुकरची शिट्टी, भांडी, सगळं कानात आदळेल. म्हणून काढून कपाटात ठेवायचं नाही. आधी घरात तास-दोन तास घाला, मग वाढवा. दोन्ही कानांत घालायचं, एक वाचवून ठेवायचं नाही. आंघोळीला जाताना काढायचं. रात्री फोनसारखं चार्जिंगला लावायचं, ते आई करेल.

आई, तू सगळं दुसऱ्यांकडून करवून घेतेस आणि स्वतःची साखरेची गोळी विसरतेस. न्हाणीघरात भिंतीला दांडी बसवायला माणूस येईल, त्याला "नको, आम्हाला सवय आहे" म्हणून परत पाठवू नकोस. गॅस गिझर लावलास की खिडकी उघडी ठेवायची, थंडी वाजली तरी. माळ्यावर चढायचं नाही. मांडे मागवायचे असतील तर माझ्यापुरते मागव, तुझ्यासाठी नको. बरं, एक चतकोर खा.

शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं निघते, शनिवारी पहाटे मी आलो. बघा, पुण्यात सतरा वर्षं काढली तरी घरी लिहिताना मधेच "आले"चं आपल्याकडचं "आलो" होतंच हातातून. ऑफिसात अजून हसतात.

स्टँडवर न्यायला येऊ नका, मी रिक्षा करीन. येणारच असाल तर कानटोपी घालून या.

तुमची
चिंगी