सेल्फ घ्यायच्या आधी

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

गाडीला नवा सेल्फ, म्हणजे इंजिन चालू करणारी स्टार्टर मोटर, घेऊ नका. निदान खाली लिहिलंय तेवढं करून होईपर्यंत मिस्त्रींना थांबवा.

बाबा, तुम्ही फोनवर सगळं सांगितलंत. किल्ली फिरवली की नुसतं टक, दिवे मंदावतात, बॅटऱ्या चार्ज करून आणल्या तरी तेच. पण कामाची गोष्ट आई बोलून गेली, तीही जाता जाता: स्टॉपची, म्हणजे इंजिन बंद करायला ओढतात ती, केबल तुमच्या हाताला चटका देऊन गेली म्हणून. अहो, त्या केबलचा विजेशी संबंधच काय? सेल्फने घेतलेला शेकडो अँपिअर करंट इंजिनातून चासीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, आणि तिथून बॅटरीच्या मायनसला परत जायला हवा. त्यासाठी इंजिन आणि चासीच्या मध्ये विणलेली अर्थपट्टी असते. ती कुजली किंवा तिच्या नटाखाली गंज धरला की करंट दुसरी वाट धरतो, आणि स्टॉपची केबल इंजिनापासून केबिनपर्यंत लोखंडीच आहे.

मिस्त्रींनी मीटर बीपवर लावून अर्थ ओके दिला, त्यात नवल नाही. पट्टीतल्या चार तारा शाबूत असल्या तरी बीप वाजतो, कारण मीटर नावापुरताच करंट सोडतो. एका ओहमचा शंभरावा भाग अडथळा असला, तरी ३०० अँपिअरला ३ व्होल्ट तिथंच संपतात. म्हणून तपासायचं ते सेल्फ मारताना.

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर, चाकांना दगड. मीटर डीसी २० व्होल्टवर. एक वायर बॅटरीच्या मायनस खांबावरच टेकवा, केबलच्या टोकाच्या लगवर नको. दुसरी लांब वायर इंजिनाच्या घासून चकचकीत केलेल्या लोखंडाला क्लिपने लावून सगळ्यांनी बाजूला व्हायचं. बाबा, तुम्ही स्टॉप ओढून (हाताला फडकं गुंडाळा) चार-पाच सेकंद सेल्फ मारा. मीटर आईने वाचायचा. मोतीबिंदू काढल्यापासून तिला तुमच्यापेक्षा स्पष्ट दिसतं, वाद घालू नका.

आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर अर्थ बरी आहे. एकच्या वर गेला तर पट्टीच. मग बॅटरीचा मायनस आधी सुटा करून पट्टी काढायची, दोन्ही टोकांचा रंग-गंज पत्रा दिसेपर्यंत घासायचा आणि नवी पट्टी आवळायची. गाडीखाली शेजारचा पोरगा जाईल. तुम्ही गुडघा घेऊन जाऊ नका, आईकडून मला कळतंच.

आमच्याकडे चाकणला २०२० नंतरच्या बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या नियमांच्या, गाड्या येतात. लॅपटॉप लावला की बिघाडाच्या कोडची रांग लागते, आणि पुष्कळदा खाली अशीच एखादी अर्थ किंवा दमलेली बॅटरी निघते.

अजून एक. गाडीतल्या गाण्यांच्या टेपची वायर एकाच बॅटरीवरून घेतली आहे ना? गाडी दोन्ही बॅटऱ्या मिळून चोवीस व्होल्टवर चालते, टेप मात्र बारावर. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. एक १२.६ आणि दुसरी १२ च्या खाली दिसली, तर टेप आधी तिथून काढा. एक बॅटरी उपाशी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते.

आकडे आईला कागदावर लिहायला सांगा आणि संध्याकाळी सातनंतर फोन करा.

तुमची,
थोरली