सातबारा पाहिजे, वावर नको

संपादक साहेब,
आमच्या यवतमाळकडं पोरीवाले आले की पहिला प्रश्न वावर किती अन् दुसरा पोरगा पुण्यात आहे का, म्हणजे सातबारा पाहिजे पण डवरा धरणारा जावई नको. पुतण्याचा बायोडाटा चार वर्षांपासून व्हॉट्सअॅपवर फिरून राहिला, पाच एकर कपाशी, ठिबक, काही जमेना. अन् ज्यायले आपण मागास म्हणतो त्या गोंडांत लमसेना म्हणून रीत आहे, पोरगा सासऱ्याच्या वावरात राबतो मग लग्न. आपल्याकडं हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा, तरी 'हौसेनं दिलं' चालूच. पुतण्या परवा म्हणे, काका मी पण असाच राबू का? वहिनीनं चहाचा कप आपटलाच.

– एक कास्तकार, जि. यवतमाळ